विजेचें मंडल व तारेचा रोध : शेतकऱ्यांस व त्यांच्या मुलांस उपयोगी असें प्राथमिक ज्ञान

आटपाडी तालुका हा अवर्षणाचा मुलूख. माणगंगा वर्षांतील बहुतेक काळ कोरडी असते, व जें कांहीं पाणी मिळावयाचें तें खोल विहिरींतून किंवा कूपनलिकेंतून उपसूनच घ्यावें लागतें. टेंभू योजनेचें पाणी आलें, तेंहि कऱ्हाड तालुक्यांतील टेंभू येथें कृष्णेंतून टप्प्याटप्प्यानें उपसून वर चढविलेलेंच होय. तात्पर्य, आमच्या डाळिंबाच्या बागेंत पडणारा पाण्याचा प्रत्येक थेंब विजेच्या बळावर येतो. असें असतां विजेच्या मूलतत्त्वांची ओळख आम्हां शेतकऱ्यांस नसावी, ही गोष्ट हिताची नव्हे.

मोटेच्या काळीं नाडा झिजला तर तो डोळ्यांस दिसे, आणि बैल थकला तर तो उभा राही. तारेंतील दोष मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. तो एकदम जळालेल्या मोटारीच्या रूपानें, आणि कधीं कधीं घरांतील कर्त्या माणसाच्या मृत्यूच्या रूपानें प्रगट होतो. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत झाली. विजेच्या धक्क्यानें दगावलेल्या माणसांच्या व जनावरांच्या प्रकरणांचे कागद आमच्या हाताखालून गेले आहेत. त्यांतील पुष्कळ मृत्यु अगदीं साध्या ज्ञानानें टळले असते, असें आमचें मत झालें आहे. हें ज्ञान मुलांच्या सातवी-आठवीच्या पुस्तकांत असतें. परंतु मुलगा तें परीक्षेपुरतें पाठ करतो व बाप स्टार्टरच्या पेटींत हात घालतो, आणि दोघांची गांठ पडत नाहीं. ती पडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ही विद्या आम्हांस परकीहि नाहीं. ज्या औंध संस्थानांत आटपाडी मोडत होती, त्याच संस्थानांत सन १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, व तेथील नांगर आणि पंप गांवोगांवीं गेले. सन १९३९ सालीं स्थापन झालेल्या आमच्या शेजारच्या स्वतंत्रपूर वसाहतीशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे, ते पोलंडचे मॉरिस फ्रीडमन हेहि पेशानें विद्युत् अभियंतेच होते.

मंडल म्हणजे काय

मोटेचें पाणी थारोळ्यांत पडलें, तेथून पाटांत गेलें, दंडानें वाफ्यांत पोंचलें, कीं त्याचें काम संपलें. तें परत विहिरींत यावें लागत नाहीं. विजेचें तसें नाहीं. ती जेथून निघते तेथें तिला परत पोंचावें लागतें. डीपीपासून निघावें, तारेनें मोटारींत जावें, मोटारीच्या गुंडाळ्यांतून फिरावें व दुसऱ्या तारेनें डीपीकडे परत यावें, असा हा वेढा आहे. यासच विजेचें मंडल म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत यास परिपथ असें नांव आहे. वेढा कोठेंहि तुटला कीं सारें काम थांबतें. बटन म्हणजे हा वेढा आपल्या इच्छेनें तोडण्याची व जोडण्याची सोय, दुसरें कांहीं नव्हे.

येथें एक गोष्ट आतांच लक्षांत ठेवावी. परत जाण्यासाठीं विजेस तारच पाहिजे असें नाहीं. डीपीवरील एक टोंक जमिनींत पुरलेलें असतें. म्हणून ओली जमीन, लोखंडी पाइप किंवा मनुष्याचें शरीर, यांपैकीं जी वाट मिळेल त्या वाटेनें ती आपलें मंडल पुरें करते. पुढें याचा हिशोब देऊं.

दाब, प्रवाह व रोध

तीन शब्द नीट समजले म्हणजे अर्धें काम झालें.

उंच टांकीचें पाणी नळांतून जोरानें येतें, बुटक्या टांकीचें मंद येतें. हा जो जोर, तो विजेचा दाब. तो व्होल्टमध्यें मोजतात. घरांतील दाब सुमारें २३० व्होल्ट, व तीन फेजच्या मोटारीचा सुमारें ४०० व्होल्ट असतो. पाइपांतून दर मिनिटास किती पाणी गेलें हें जसें मोजतां येतें, तसा तारेंतून जाणारा प्रवाह अँपियरमध्यें मोजतात. आणि पाइप अरुंद, लांब किंवा आंतून गंजलेला असेल तर पाण्यास अडथळा होतो, तसा तारेचा विजेस होणारा अडथळा म्हणजे रोध. तो ओहममध्यें मोजतात. पुस्तकांत दाबास विभवांतर व प्रवाहास धारा म्हटलेलें आढळेल, अर्थ तोच.

या तिघांचा संबंध जर्मनींतील गेऑर्ग ओहम यानें शोधून सन १८२७ सालीं प्रसिद्ध केला. हा गृहस्थ कुलुपें बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा असून पेशानें शाळामास्तर होता. त्याचा नियम असा कीं, दाबास रोधानें भागिलें असतां प्रवाह मिळतो. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होतो. उदाहरणार्थ, १००० वॅटच्या विजेच्या शेगडीच्या कॉइलचा रोध सुमारें ५३ ओहम असतो. २३० ला ५३ नें भागिलें म्हणजे सुमारें ४.३ अँपियर येतात. तितका प्रवाह त्या शेगडींतून वाहतो. मोटारीच्या गुंडाळ्यांत याशिवाय आणखी एका प्रकारचा अडथळा असतो, पण तो वरच्या वर्गाचा विषय आहे. तारेच्या हिशोबास हा नियम पुरेसा आहे.

तारेचा रोध कशावर अवलंबून असतो

तो चार गोष्टींवर अवलंबून असतो. तार जितकी लांब तितका रोध जास्त. तार जितकी जाड तितका तो कमी. तार तापली कीं तो वाढतो. आणि चौथी गोष्ट धातूची. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १०० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारें १.७ ओहम, तेवढ्याच ॲल्युमिनियमच्या तारेचा सुमारें २.८ ओहम, व लोखंडाच्या तारेचा सुमारें १० ओहम भरतो. यावरून कुंपणाची तार विजेच्या कामास कां जोडूं नये हें सहज कळेल.

आतां प्रत्यक्ष विहिरीचा हिशोब करूं. मीटरच्या पेटीपासून विहीर २०० मीटर दूर आहे व तिजवर एक अश्वशक्तीची, सिंगल फेजची मोटार असून ती सुमारें ६ अँपियर प्रवाह घेते असें धरा. वीज जाऊन परत यावयाची, म्हणून तार ४०० मीटर धरावी लागते. पुष्कळांची चूक येथेंच होते. मग निरनिराळ्या केबलींत वाटेंत हरवणारा दाब असा निघतो :

तांबें, १.५ चौ. मि.मी. : रोध ४.६ ओहम, घट सुमारें २७ व्होल्ट.
तांबें, २.५ चौ. मि.मी. : रोध २.७५ ओहम, घट सुमारें १६ व्होल्ट.
तांबें, ४ चौ. मि.मी. : रोध १.७ ओहम, घट सुमारें १० व्होल्ट.
ॲल्युमिनियम, ४ चौ. मि.मी. : रोध २.८ ओहम, घट सुमारें १७ व्होल्ट.
ॲल्युमिनियम, ६ चौ. मि.मी. : रोध १.९ ओहम; घट सुमारें ११ व्होल्ट.

घट शेंकडा पांचांच्या आंत, म्हणजे २३० व्होल्टांवर साडेअकरा व्होल्टांच्या आंत असावी, असें धोरण ठेवावें. त्या हिशोबानें या विहिरीस ४ चौ. मि.मी. तांब्याची किंवा ६ चौ. मि.मी. ॲल्युमिनियमची केबल पाहिजे. दुकानदार स्वस्त म्हणून देईल ती पातळ केबल येथें उपयोगी नाहीं.

तीन फेजच्या मोटारीस लांबीची दुप्पट न करतां एकेरी तारेचा रोध घ्यावा, तो प्रवाहानें गुणावा व आलेल्या संख्येस १.७३ नें गुणावें. पांच अश्वशक्तीची मोटार ८ अँपियर घेते व विहीर ३०० मीटरवर आहे असें धरिलें, तर २.५ चौ. मि.मी. तांब्याच्या केबलींत सुमारें २८ व्होल्ट हरवतात, आणि ६ चौ. मि.मी. केबलींत सुमारें १२ व्होल्ट.

मोटार कां जळते

तारेंत हरवलेली वीज कोठें जाते? ती उष्णतेच्या रूपानें तार तापविते. या उष्णतेचा नियम असा कीं, प्रवाहास प्रवाहानेंच गुणून पुन्हां रोधानें गुणावें. वरील उदाहरणांत ६ गुणिलें ६ म्हणजे ३६, त्यास ४.६ नें गुणिलें म्हणजे सुमारें १६५ वॅट. आठ तासांत सव्वा युनिटाहून अधिक वीज नुसती माती तापविण्यांत जाते. सन २०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीजबिल माफीची योजना आणली, म्हणून हा तोटा आपला नव्हे असें कोणी समजूं नये. कारण खरा तोटा युनिटांचा नसून मोटारीचा आहे.

मोटार सुरू होतांना ती चालू असतांनाच्या पांच-सहा पट प्रवाह मागते. तारेचा रोध जास्त असला कीं तितका प्रवाह तीस मिळत नाहीं, कारण दाब वाटेंतच खाली येतो. आणि मोटारीचा सुरू होण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. दाब दहापैकीं आठ भाग राहिला, तर जोर शंभरापैकीं चौसष्टच राहतो. मोटार गुणगुणत राहते, फिरत नाहीं, आणि आंतल्या गुंडाळ्या तापूं लागतात. कशीबशी फिरली तरी, दाब कमी असतां तेंच पाणी तितकेंच उंच चढविण्यासाठीं ती अधिक प्रवाह ओढते. अधिक प्रवाह म्हणजे वर्गाच्या हिशोबानें अधिक उष्णता, गुंडाळ्यांवरील वार्निश करपतें, व आपण म्हणतों कीं "व्होल्टेज नव्हता, मोटार जळाली." डीपीवरच दाब कमी असेल तर तो दोष आपल्या हातांतला नाहीं, हें खरें. परंतु डीपीवर पुरता दाब असून विहिरीवर तो कमी भरतो, तेथें दोष आपल्याच तारेचा असतो. म्हणून मोटार चालू असतांना दोन्ही ठिकाणीं वायरमनकडून दाब मोजवून घ्यावा. दोहोंतील फरक म्हणजे आपल्या केबलीनें खाल्लेला दाब.

सांध्यांविषयीं दोन शब्द. तांब्याची व ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून चिकटपट्टी लावलेला सांधा कालांतरानें आंतून खराब होतो. त्याचा रोध अर्धा ओहम झाला व त्यांतून १० अँपियर जाऊं लागले, तर त्या बोटभर जागेंत ५० वॅट उष्णता निर्माण होते. पट्टी वितळते, ठिणगी उडते व पाचट पेटतें. सांधे शक्यतों घालूंच नयेत. घालणेंच पडले तर धातूस योग्य असा लग किंवा स्लीव्ह दाबून घालावा, व सांधा जमिनीपासून वर ठेवावा.

दूरच्या अंतरावर वीज नेतांना सरकारहि हाच नियम पाळतें. दाब वाढविला कीं तितक्याच कामास प्रवाह कमी लागतो, व प्रवाह दहावा हिस्सा झाला कीं तारेंतील उष्णता शंभरावा हिस्सा होते. याच कारणास्तव सन १९६२ पासून चालूं झालेली कोयनेची वीज अतिशय मोठ्या दाबानें दूरवर नेली जाते, गांवापर्यंत ती ११,००० व्होल्टांनीं येते, व डीपीवर, ज्यास कागदोपत्रीं रोहित्र म्हणतात, तेथें तिचा दाब आपल्या उपयोगापुरता उतरविला जातो.

जोडणीचे दोन प्रकार

एकाच दंडावर एकामागून एक वाफे असले व पाणी पहिल्यांतूनच दुसऱ्यांत जात असलें, तर पहिला अडला कीं पुढचे सारे कोरडे. यास एकसर जोडणी म्हणतात. तींत रोधांची बेरीज होते. दोन सारखे दिवे एकसर जोडले तर प्रत्येकास निम्मा दाब मिळून दोन्ही मंद जळतात, व एक गेला कीं दुसराहि विझतो. उलट पाटापासून प्रत्येक वाफ्यास स्वतंत्र बारें दिलें, तर एक बंद ठेवून दुसऱ्यास पाणी देतां येतें. ही समांतर जोडणी. घरांतील दिवे, पंखे सर्व अशाच जोडलेले असतात. प्रत्येकास पुरता दाब मिळतो, परंतु मुख्य तारेंतून सर्वांच्या प्रवाहांची बेरीज वाहते. एका बोर्डावर शेगडी, इस्त्री व मोटार एकदम लावल्यास बोर्डाची तार कां तापते, याचें कारण हेंच. शेतावरील सौरपंपांचीं पॅनेलें एकसर जोडून दाब वाढवितात. म्हणून एका पॅनेलावर बाभळीची सावली पडली तरी त्या ओळीचें काम मंदावतें.

शरीराचा रोध व जमिनीचा रोध

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. येथवर पैशांचा हिशोब झाला. हा प्राणांचा आहे.

कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ मोठा, हजारों ओहम असतो. घामानें अथवा पाण्यानें कातडी भिजली म्हणजे सबंध शरीराचा रोध सुमारें १००० ओहमपर्यंत खाली येतो. अनवाणी, ओल्या वाफ्यांत उभ्या राहिलेल्या माणसाचा हात २३० व्होल्टच्या तारेस लागला तर ओहमच्या नियमानें ०.२३ अँपियर प्रवाह शरीरांतून वाहील. याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा, म्हणजे ०.०३ अँपियरचा प्रवाहहि प्राणघातक ठरूं शकतो.

आतां पेटींतील फ्यूजचा विचार करा. १० अँपियरची फ्यूजतार ०.२३ अँपियरनें वितळेल काय? कधींच नाहीं. फ्यूज ही तार व मोटार वांचविण्यासाठीं आहे, माणूस वांचविण्यासाठीं नव्हे. ज्या घरीं हें वाक्य भिंतीवर लिहून ठेवलें जाईल त्या घरचें कल्याण होईल. माणूस वांचविण्याचे उपाय दोन : चांगलें अर्थिंग, आणि ०.०३ अँपियर गळती होतांच वीज तोडणारें आर.सी.सी.बी. नांवाचें बटन.

अर्थिंगचें काम असें. मोटारीची गुंडाळी आंतून उघडी पडून लोखंडी अंगास लागली, म्हणजे तें अंग विजेनें भारलें जातें. अर्थिंगची तार त्या अंगास जमिनीशीं जोडते, व वीज जमिनीच्या वाटेनें डीपीकडे परत जाऊं पाहते. या साऱ्या वाटेचा रोध १० ओहम असला तर २३ अँपियर प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो व धोका टळतो. तोच रोध १०० ओहम असला तर केवळ २.३ अँपियर वाहतात. फ्यूज जागचा हालत नाहीं, मोटार कदाचित् चालूहि राहते, आणि पहिला हात लावणारा मनुष्य दगावतो. आमच्या तालुक्यांतील माळरान मुरमाड व कोरडें, म्हणून तिचा रोध मुळांतच जास्त. हातभर सळई ठोकून तिला तार गुंडाळणें म्हणजे अर्थिंग नव्हे. आठ-दहा फूट खोल, शक्यतों विहिरीच्या ओलाव्याजवळ खड्डा घेऊन त्यांत पाइप किंवा पत्रा, भोंवतीं कोळसा व मीठ घालावें, जाड तारेनें जोडावें, आणि उन्हाळ्यांत त्यावर पाणी ओतीत जावें. तयार झाल्यावर त्याचा रोध वायरमनकडून मोजून घ्यावा.

जनावरें माणसाआधीं कां दगावतात, याचेंहि उत्तर येथेंच आहे. खांबापाशीं वीज जमिनींत गळत असतां जमिनीवर जागोजाग दाब निरनिराळा असतो. बैलाचे पुढचे व मागचे पाय लांब अंतरावर असल्यामुळें त्या दोन जागांमधील दाब त्याच्या छातींतून वाट काढतो. म्हणून पावसाळ्यांत खांबास किंवा त्याच्या ताणास जनावर बांधूं नये. रानडुकरांसाठीं कुंपणांत वीज सोडणें हा तर गुन्हा आहे, व त्यांत मरतो तो बहुधा शेजारी किंवा घरचाच माणूस.

कोणी तारेस चिकटला तर त्यास हातानें ओढूं नये. प्रथम मेन बंद करावी. तें शक्य नसेल व तार घरगुती किंवा मोटारीची असेल, तर स्वतः कोरड्या फळीवर उभें राहून कोरड्या काठीनें तार दूर सारावी, आणि वेळ न दवडतां त्यास दवाखान्यांत न्यावें. ११,००० व्होल्टची तार तुटून पडली असेल तर काठीहि उपयोगाची नाहीं. दूर उभें राहून इतरांस अडवावें व वीज कार्यालयास कळवावें.

मुलांसाठीं प्रयोग

हे प्रयोग बॅटरीच्या सेलवरच करावे. घरच्या प्लगाशीं मुलांनीं कदापि खेळूं नये. दीड व्होल्टचे दोन सेल एकामागें एक ठेवून, जुन्या पद्धतीचा बॅटरीचा लहान दिवा तारेनें जोडावा. मंडल एका जागीं तोडून त्या फटींत तांब्याची तार, खिळा, सुकी काडी व दोन्ही टोंकांस शिसें मोकळें केलेली पेन्सिल पाळीपाळीनें लावून पाहावी. नंतर शेगडीची जुनी, सुटी केलेली कॉइल त्याच फटींत जोडून एक टोंक कॉइलवरून पुढें सरकवीत न्यावें. कॉइलचा भाग जसजसा वाढेल तसतसा दिवा मंद होईल. मुलानें हें डोळ्यांनीं पाहिलें, म्हणजे लांब व पातळ केबलीवर मोटार कां मंदावते हें त्यास वेगळें सांगावें लागत नाहीं. त्यानंतर त्याच्याच हातून आपल्या विहिरीच्या केबलीचा वरील हिशोब कागदावर करवून घ्यावा. गणित पक्कें होईल व घरचें कामहि होईल.

सारांश

विजेच्या व्यवहारांत रोध हा कोठें शत्रु, तर कोठें मित्र आहे. तारेचा, सांध्याचा व अर्थिंगचा रोध कमीत कमी असावा. आपल्या शरीराचा व विजेचा मधला रोध, म्हणजे कोरडे हात, पायांत रबरी चप्पल व तारेवरील अखंड आवरण, हा जास्तींत जास्त असावा. केबल घेतांना विहिरीचें अंतर व मोटारीचा प्रवाह सांगून जाडी ठरवावी. फ्यूजमध्यें जाड तार भरूं नये. ओल्या हातानें पेटी उघडूं नये. पहिला पाऊस पडण्यापूर्वी अर्थिंग तपासून घ्यावें. आमच्या सभासद बंधूंनीं एवढें केलें, तर मोटारी पुन्हां पुन्हां भरण्याचा खर्च पुष्कळ वांचेल. आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, रात्रपाळीच्या विजेवर बागेस पाणी धरावयास गेलेला मनुष्य सकाळीं सुखरूप घरीं येईल.